एक्के फुटतात, राजे फुटतात, आता माझं डोकं फुटायचं तेवढं बाकी आहे

अठ्ठी_नश्शी

नमस्कार मंडळी. इतके दिवस गुपचूप वाचत होतो, आज लिहायची वेळ आली कारण घरात हे सांगून उपयोग नाही, बायकोला पोकरमधला रिव्हर (मधला पाचवा, शेवटचा पत्ता) म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागेल, आणि मित्रांना सांगितलं की एकच वाक्य, "पत्त्यांवर पैसे लावतोस तर हरणारच".

तर ऑनलाइन पोकर खेळतो, नो लिमिट होल्डेम (प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते, मधे सगळ्यांचे मिळून पाच, बोलीला मर्यादा नाही), सहा जणांचं टेबल, एका वेळी दोन टेबलं. पहिले आठ महिने मस्त गेले, साधारण ३० हजार हात (म्हणजे डाव) झाले आणि दर १०० हातांमागे ४ बिग ब्लाइंड (पत्ते बघायच्या आधी लावायची सक्तीची मोठी बोली, आपलं मोजायचं माप) प्लसमध्ये होतो. फार मोठा तीर मारला नव्हता पण आपल्याला हा खेळ जमतोय असं वाटायला लागलेलं. मग गेल्या सहा आठवड्यांत जे काही सुरू झालंय ते थांबायचं नावच घेत नाही. ९ हजार हात, १२ बाय-इन (एक बाय-इन म्हणजे १०० बिग ब्लाइंड) मायनस. बारा!!

परवाचाच हात सांगतो. मला पॉकेट एसेस (हातात दोन एक्के). मी रेझ केलं म्हणजे बोली वाढवली, बटनवाल्याने (शेवटी बोलणाऱ्याने) त्यावर वाढवून थ्री-बेट, मी त्याच्याही वर फोर-बेट, त्याने ऑल-इन टाकला, म्हणजे होते तेवढे सगळे, मी अर्थात कॉल (कॉल दाबताना हसलो पण होतो). दोघांकडे १००-१०० बिग ब्लाइंड. त्याने उघडले राजे. फ्लॉप (मधले पहिले तीन पत्ते) नश्शी-चव्वी-दुर्री, काही नाही. टर्न (चौथा) सत्ती, काही नाही. आणि रिव्हरला चौकटचा राजा. खरं सांगतो, पत्ता उलटायच्या आधी मला पोटात कळलं होतं की राजाच येणार. त्यानंतर अर्धा तास काय खेळलो ते नीट आठवत पण नाही, एवढंच आठवतं की इस्पिकची अठ्ठी-नश्शी धरून बसलो होतो, टर्नला फ्लश ड्रॉ होता (चार इस्पिक झालेले, पाचवं आलं की फ्लश), पॉटमध्ये ६० बिग ब्लाइंड, समोरच्याने ६० चा ऑल-इन टाकला आणि मी म्हटलं आता इतकं वाईट झाल्यावर एक पत्ता तरी आपल्या बाजूने पडायला नको का, आणि कॉल. नाही पडला.

रात्री डोळे मिटले की तो चौकटचा राजा दिसतो. हसू नका.

मला पॉट ऑड्स (किती लावून किती मिळू शकतं याचं गणित) वगैरे शिकवू नका, ते येतं. मला एवढंच विचारायचंय की हे असं सलग होत असताना डोकं ठिकाणावर कसं ठेवता तुम्ही लोक? आणि दुसरं, विचारायला लाज वाटते पण विचारतो, साइटवाले काही गडबड करत असतील का? एवढी साडेसाती एकाच माणसाला?

टर्नला_गेलो

भावा सेम टू सेम. गेल्या आठवड्यात सेट ओव्हर सेट (दोघांकडेही तीन-तीन सारखे पत्ते) तीनदा, तिन्ही वेळा खालचा सेट माझा. मी टेबल बदललं, सीट बदलली, अवतार बदलला, खुर्चीची दिशा पण बदलली. काही फरक नाही. एवढंच कळलं की खुर्ची त्या बाजूला जास्त चांगली दिसते.

किलवर_गुलाम

पॉट ऑड्स येतात म्हणतोस ना, मग मी शिकवत नाही, फक्त तुझेच दोन हात तुला परत वाचून दाखवतो.

पहिला हात. एक्के विरुद्ध राजे, प्रीफ्लॉप ऑल-इन, १०० वेळा असं झालं तर साधारण ८२ वेळा एक्के जिंकतात. पॉट २०० चा (ब्लाइंड आणि रेक, म्हणजे साइट पॉटमधून कापते तो वाटा, सोडून दे), त्याचे ८२ टक्के म्हणजे १६४. तू टाकलेस १००. म्हणजे त्या हातात तू ६४ बिग ब्लाइंड कमावलेस. दिसले नाहीत, हातात आले नाहीत, पण हा सौदा रोज कुणी देत असेल तर रोज घे.

दुसरा हात. फ्लश ड्रॉ, एकच पत्ता यायचा बाकी. ४६ न दिसलेल्या पत्त्यांत तुझे ९. म्हणजे १९.६ टक्के. ६० घालून १८० च्या पॉटसाठी लढायचं तर ३३ टक्के लागतात. हिशेब कर, १८० चे १९.६ टक्के म्हणजे ३५ च्या आसपास, टाकलेस ६०. हात उलटायच्या आधीच २५ बिग ब्लाइंड गेले. आणि इथे नशिबाचा काही संबंध नाही, पाचवा पत्ता इस्पिक पडला असता तरी तो कॉल २५ चा खड्डाच होता, फक्त तुला कळलं नसतं आणि तू पुढच्या वेळी पुन्हा केला असतास. माझ्या मते ते जास्त वाईट झालं असतं.

आता बघ, झोप तुझी कुठल्या हाताने उडाली? ज्यात ६४ कमावलेस त्या. आणि ज्यात २५ स्वतःच्या हाताने टाकून दिलेस तो तू "नाही पडला" अशा दोन शब्दांत संपवलास. घोडं तिथेच पेंड खातंय.

बाकी ८२ टक्के हा आकडा ऐकायला फार दणकट वाटतो म्हणून सांगतो, एक्के विरुद्ध राजे हा प्रकार पाच वेळा झाला तर पाचही वेळा जिंकायची शक्यता जेमतेम ३७ टक्के आहे. म्हणजे पाचात एक तरी फुटणार हेच जास्त शक्य. आपण ८२ टक्क्यांना मनात १०० समजतो, आणि फुटले की कुणीतरी खिशातून काढून नेल्यासारखं वाटतं. ते पैसे आपले नव्हतेच, त्यातले ८२ टक्के आपले होते.

आणि ते "पोटात कळलं होतं" म्हणतोस ना, पुढच्या ५० ऑल-इनला असं पोटात काय काय कळलं ते पत्ता उलटायच्या आधी लिहून ठेव. नंतर मोज. मी हे केलंय, माझं पोट नापास झालं.

एक काम कर, तुझ्याकडे हँड हिस्टरी असेल. ट्रॅकर सॉफ्टवेअरमध्ये ऑल-इनची अपेक्षित रेघ असते (शक्यतेप्रमाणे किती मिळायला हवं होतं त्याची), खऱ्या निकालाच्या शेजारी. या सहा आठवड्यांची काढ आणि इथे सांग. ती रेघ फक्त ऑल-इन झाल्यानंतरचं नशीब मोजते, तुझ्या राजांसमोर कुणाकडे एक्के निघाले तर तो कूलर ती मोजत नाही, पण सुरुवातीला तेवढं पुरे. आणि दुसरं, प्रत्येक मोठा स्टॅक हरल्यानंतरचे त्याच सेशनमधले पुढचे १०० हात वेगळे काढ. मला आत्ताच अंदाज आहे काय निघेल पण बोलत नाही.

जुना_डीलर

गडबडीच्या प्रश्नावर मी बोलतो. मी बरीच वर्षं टेबलवर पत्ते वाटले आहेत, ऑनलाइन नाही, खरेखुरे, आणि त्या काळात माझ्यावर जितक्या वेळा गडबडीचा आरोप झाला तितका चोरावरही होत नसेल. रिफल, रिफल, बॉक्स, रिफल, कट, दर हाताला हाच क्रम, छतावर कॅमेरे, समोर नऊ जणांचे डोळे माझ्या बोटांवर. तरी रिव्हरला दुर्री पडली की लोक माझ्याकडे असं बघायचे की मी ती घरून आणलीय. एक गृहस्थ तर मी टेबलवर बसलो की उठून फेरी मारायला जायचे आणि माझी वेळ संपली की परत. त्यांचा असा ठाम समज होता की मी त्यांना पनवती आहे. हरायचे ते दुसऱ्या डीलरकडे पण, ते मात्र लक्षात ठेवायचे नाहीत.

ऑनलाइनवर बॅड बीट जास्त दिसतात कारण हात जास्त दिसतात. प्रत्यक्ष टेबलवर तासाला २५-३० हात होतात. तुम्ही दोन टेबलांवर तासाला सव्वाशे-दीडशे बघत असाल. आमच्याकडे जे नाटक आठवडाभर चालायचं ते तुमचं एका रात्रीत उरकतं. साइट लायसन्सवाली आहे का, पैसे काढता येतात का, हे जरूर बघा, वाईट साइटी असतात आणि आतल्या माणसांनी दुसऱ्यांचे पत्ते बघितल्याची प्रकरणंही पूर्वी झालेली आहेत. पण ती चोरी कळली कशी? एक माणूस अशक्य वाटावा इतका जिंकत होता म्हणून, आणि लोकांनी हजारो हातांचे आकडे मांडले म्हणून. कुणाचे एक्के फुटले म्हणून नाही.

"आता तरी पडायला नको का" यावर एक जुनी गोष्ट आहे. १९१३ सालच्या ऑगस्टमध्ये माँटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेवर लागोपाठ २६ वेळा काळा आला. पंधराव्यानंतर लोक लालवर धावत सुटले, आता लालच येणार म्हणून रक्कम वाढवत नेली. चेंडूला काय माहीत आधी काय झालं. पत्त्यांनाही तुमच्या मागच्या हाताची कणव नसते.

बाकी रागाचं म्हणाल तर टीव्हीवर फिल हेलम्यूथ हरल्यावर कसा थयथयाट करतो ते बघून खूप जणांना वाटतं की मोठे खेळाडू पण ओरडतात, मग आपण का नाही. त्याच्याकडे वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमधल्या विजयांची १७ ब्रेसलेट आहेत. ज्यांच्याकडे एकही नाही त्यांनी हळू आवाजात हरावं.

अठ्ठी_नश्शी

काका शेवटचं वाक्य लागलं, पण ठीक आहे.

गुलामभाऊ, तुम्ही सांगितलं ते काल रात्री काढायला बसलो, खरं म्हणजे तुम्हाला खोटं पाडायला बसलो होतो. ऑल-इनची रेघ म्हणते की नशिबाने माझे साधारण ४ बाय-इन खाल्ले. चार. मी धरून चाललो होतो दहा तरी निघतील. आणि ते १०० हातवालं फिल्टर लावलं, तर मोठा पॉट हरल्यानंतरच्या हातांमध्ये मिळून साडेपाच बाय-इन गेलेत. त्यात एक हात असा आहे की राणी-तिर्री ऑफसूट (दोन वेगळ्या रंगांचे टाकाऊ पत्ते) घेऊन मी थ्री-बेट केलंय. राणी-तिर्री! मला तो हात आठवत पण नाहीये, नाव माझं नसतं तर म्हटलं असतं कुठला येडा खेळतोय हा.

उरलेले अडीच कशात गेले माहीत नाही.

पण मग आता उलट जास्त वाईट वाटतंय. नशीब वाईट होतं तर निदान माझी चूक नव्हती.

किलवर_गुलाम

साडेपाच. मी मनात सहा धरले होते.

आणि वाईट काय वाटून घेतोस, चार बाय-इनवर तुला काहीच करता येणार नाही, साडेपाचवर येईल. ही तर चांगली बातमी आहे. तुझं टिल्टचं (हरल्याच्या रागात भलतंच खेळण्याचं) लक्षण शोध. प्रत्येकाचं वेगळं असतं. माझं असं की मी "बघूया" म्हणतो. एकटा बसलेला असतो, तरी तोंडाने म्हणतो, "बघूया काय आहे याच्याकडे". हा शब्द तोंडातून निघाला की मी उठतो, पत्ते कुठलेही असोत. आधी दोन बाय-इनचा स्टॉप लॉस (एवढे गेले की बंद) लावायचो, तो अजून आहे, पण खरं सांगायचं तर स्टॉप लॉस गाठेपर्यंत दीड बाय-इन "बघूया"तच गेलेला असायचा.

इस्पिकराणी

मी टूर्नामेंटवाली आहे त्यामुळे तुमचे सहा आठवडे ऐकून थोडं हसू आलं, राग नका मानू. आमच्याकडे बक्षीस साधारण वरच्या १५ टक्के लोकांनाच मिळतं, आणि त्यातला मोठा वाटा शेवटच्या टेबलला जातो. म्हणजे सहा-सात वेळा खेळलं तर एकदा पैसे परत, बाकी सगळ्या संध्याकाळी तुम्ही हरूनच घरी जाता. हरणं हीच नेहमीची गोष्ट आणि जिंकणं हा अपघात, हे एकदा डोक्यात बसलं की बरंच सोपं होतं, पण बसायला मला दोन वर्षं लागली. आणि शेवटपर्यंत पोचायचं तर वाटेत राण्या विरुद्ध एक्का-राजा असले प्रकार अनेकदा होतात, तुम्ही राण्यांच्या बाजूला असलात तरी साधारण ५५ टक्क्यांच्याच. नाणं उडवल्यासारखं धरलं तर सलग सहा जिंकायची शक्यता ६४ मध्ये एक.

मला स्वतःला ज्याने धीर येतो ती एक गोष्ट सांगते. २०१४ ची वर्ल्ड सिरीज, दहा लाख डॉलर एंट्रीवाली टूर्नामेंट. कॉनर ड्रिनन आणि कॅरी कॅट्झ, दोघांकडे पॉकेट एसेस, दोघे ऑल-इन. असं झालं की जवळजवळ ९६ टक्के वेळा पॉट अर्धा अर्धा वाटला जातो. बोर्डवर चार बदाम पडले, बदामचा एक्का कॅट्झकडे. ड्रिनन बाहेर. एक्के घेऊन एक्क्यांकडून हरला, तेही दहा लाख डॉलरच्या खुर्चीतून. मी माझ्या घरच्या सोफ्यावर बसून छोट्याशा टूर्नामेंटमधून बाहेर पडले की त्या माणसाचा चेहरा आठवते, ओरडला नाही, उठला. पुढेही खेळत राहिला आणि चांगला खेळला.

आता जे प्रत्यक्ष करते ते. एक वही आहे. हात हरले की लगेच लिहायचं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी. सगळ्यात आधी निकाल झाकून लिहायचं, म्हणजे माझे पत्ते, बोर्ड कुठपर्यंत, कुणी किती लावलं, आणि मी काय केलं, बस इथे थांबायचं. रिव्हरला काय आलं ते लिहायचंच नाही. मग दोन दिवसांनी तोच हात दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा वाचायचा आणि ठरवायचं बरोबर की चूक. सुरुवातीला फार जड गेलं कारण हात चघळायचा असतो ना आपल्याला, रिव्हर सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. माझी मैत्रीण पण खेळते, आमचा नियम आहे की एकमेकींना हात विचारताना शेवटी काय झालं ते सांगायचं नाही. कुणी सांगायला लागलं की दुसरी फोन ठेवते. खरंच ठेवते.

आणि तू एक्क्यांचा हात इथे कसा सांगितलास बघ. फ्लॉप, टर्न, रिव्हर, चौकटचा राजा, सगळं. त्यात तुझा निर्णय कुठे होता? फ्लॉपच्या आधीच संपला होता. रिव्हर म्हणजे नुसता सिनेमा होता, तिकीट काढून झालेलं. अठ्ठी-नश्शीच्या हातात मात्र निर्णय शेवटच्या पत्त्यापर्यंत तुझ्या हातात होता, आणि समोरचा कोण, कसा खेळतो, त्याने आधीच्या रस्त्यांवर काय केलं, यातलं एक अक्षर तू लिहिलं नाहीस.

रेक_भरणारा

सगळे गोड बोलतायत म्हणून मी जरा कडू बोलतो.

दर १०० हातांना ४ च्या हिशेबाने ३० हजार हातांत तू जिंकलास १२०० बिग ब्लाइंड म्हणजे १२ बाय-इन. मग ९ हजारांत हरलास १२ बाय-इन. बेरीज कर. ३९ हजार हात, जमाखर्च शून्य. आता मला सांग, साडेसाती नेमकी कशावरून? पहिले आठ महिने नशीब तुझ्यावर मेहेरबान असेल तर? तेव्हा इथे येऊन धागा काढला नाहीस की बाबांनो माझे फ्लश ड्रॉ जरा जास्तच लागतायत, काय करू.

आकड्यातच सांगतो. सहा जणांच्या होल्डेममध्ये १०० हातांचं स्टँडर्ड डेव्हिएशन (निकालातल्या चढउताराचं माप) ९० बिग ब्लाइंडच्या आसपास धरतात. ३० हजार हात म्हणजे ३०० शेकडे, त्याचं वर्गमूळ सव्वासतरा, ९० ला त्याने भाग, ५.२ आला, आणि त्याच्या दुपटीपर्यंतचा फरक नुसत्या नशिबाचा धरतात. तुझा "४" हा आकडा दोन्ही बाजूंना दहाने सरकू शकतो. म्हणजे तुझा खरा रेट मायनस ६ पासून प्लस १४ पर्यंत कुठेही असू शकतो आणि ३० हजार हात त्यातलं काहीही नाकारत नाहीत. जो माणूस खरोखर ५ ने जिंकतो, तो पण १० हजार हात खेळून मायनसमध्ये असायची शक्यता २९ टक्के आहे, १ लाख हातांनंतर ती ४ टक्क्यांवर येते. आणि जो २ ने जिंकतो तो १ लाख हातांनंतरही चारात एकदा मायनसमध्येच असतो. एवढा लांब पल्ला आहे हा. आठ महिने म्हणजे काहीच नाही.

हां, एक गोष्ट तुझ्या बाजूची पण सांगतो, शून्य म्हणजे रेक भरून शून्य. समोरच्यांना तू थोडं हरवतोयस, आणि जे हरवतोयस ते साइट घेऊन जाते. स्टेक छोटे असले की हा वाटा बराच जड पडतो. तुझे ते "कशात गेले माहीत नाही"वाले अडीच बाय-इन, त्यात कूलर असतील, पण किती हात तू उगाच ब्लाइंडमधून कॉल करून छोटे छोटे पॉट खेळलास आणि रेक भरलास ते पण बघ. रिव्हरचा राजा सगळ्यांना दिसतो, ही गळती कुणाला दिसत नाही.

टर्नला_गेलो

रेकभाऊ तुम्ही लग्नाला गेलात की तिथे पण हेच सांगता का

तीन_वर्षं_बंद

मी आता खेळत नाही, तरी इथे वाचायला येतो, जुनी सवय.

सगळ्यांनी हातांचे आकडे मोजले, मी दुसरे मोजले. आठ महिन्यांत ३० हजार, म्हणजे आठवड्याला साडेआठशे-नऊशे हात. सहा आठवड्यांत ९ हजार, म्हणजे आठवड्याला १५००. हरायला लागल्यापासून तू जवळपास पावणेदोनपट खेळतोयस. हे तुझ्या लक्षात आलंय का? पोस्टमध्ये तरी कुठे दिसलं नाही.

माझं असंच होतं. जिंकत होतो तेव्हा दहा वाजता बंद करायचो, "आज झालं". हरत होतो तेव्हा दोन वाजायचे, कारण मायनसमध्ये झोपणं म्हणजे ते खरं झालं असं वाटायचं. काह्नेमन आणि ट्व्हर्स्की यांनी १९७९ साली जे मांडलं की तेवढीच रक्कम मिळाल्याच्या आनंदापेक्षा गेल्याचं दुःख मोठं असतं, ते मला माहीत होतं. माहीत असून फार फरक पडत नाही. मी रोज टेबल उघडताना जिंकायला उघडत नव्हतो, फक्त शून्यावर परत यायला उघडत होतो. आणि शून्यावर आलो की इतकं हायसं वाटायचं की तेच जिंकणं वाटायचं.

मी तुला घाबरवत नाहीये, तुझं तसं असेलच असं नाही. काही गोष्टी विचारतो, उत्तर इथे लिहू नकोस, स्वतःला दे. बँकरोल (खेळासाठी बाजूला ठेवलेले पैसे) संपल्यावर घरखर्चाच्या खात्यातून पैसे टाकलेस का. किती हरलास ते बायकोला खरं सांगितलंस का, का "थोडे गेले" म्हणालास. स्टेक वाढवलास का, लवकर भरून काढायला. चार दिवस न खेळायचं ठरवून दुसऱ्याच दिवशी बसलास का. मानसोपचारातले डॉक्टर जुगाराच्या विकारासाठी जी नऊ लक्षणं बघतात त्यात हरलेलं भरून काढायला परत जाणं हे एक आहे, खोटं बोलणं हे एक आहे, मन अस्वस्थ असताना खेळायला बसणं हे पण एक आहे. वर्षभरात नऊपैकी चार असली तर ते निदान करतात. मी पाचवर होतो आणि तेव्हा मी पण इथे व्हेरियन्सवर (नशिबाच्या चढउतारांवर) लांब लांब प्रतिसाद लिहायचो. चांगले होते हो ते प्रतिसाद. गणित सगळं बरोबर होतं.

मला बरं वाटलं ते डॉक्टरकडे गेल्यावर आणि साइटवर स्वतःला बंद करून घेतल्यावर, सेल्फ-एक्स्क्लूजन असतं ना ते. आधी सहा महिन्यांचं घेतलं होतं.

इस्पिकराणी

हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. माझी वही वगैरे सगळं ठीक आहे पण ते ज्याला उठता येतं त्याच्यासाठी.

अठ्ठी_नश्शी

उशिरा उत्तर देतोय, दहा दिवस इकडे आलो नाही आणि खेळलो पण नाही.

तीन_वर्षं_बंद दादा, तुमची पोस्ट वाचली आणि आधी चिडलो. मग हात मोजले. बरोबर आहे तुमचं, १५०० च होते, एका आठवड्यात तर दोन हजारांवर. प्रश्नांची उत्तरं इथे लिहू नको म्हणालात, तरी एक लिहितो, घरच्या खात्याला हात लावला नव्हता, पण बायकोला "थोडे गेले" हेच सांगितलं होतं, शब्दाला शब्द. त्या रात्री तिला खरा आकडा सांगितला. ती पाच मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली आकड्याचं नंतर बघू, पण दोन-दोन वाजेपर्यंत तू त्या खोलीत काय करतोस ते मला कळत नव्हतं, मला वाटलं दुसरंच काही आहे. आता ठरलंय की पोकरचे पैसे वेगळ्या वॉलेटमध्ये, ते तिला दिसतं, आणि संपले तर संपले. आठवड्याला ८०० हात, त्याच्या वर नाही, ती मोजणार नाही पण मी तिला आकडा सांगणार. एक लेव्हल खाली पण आलोय.

काल परत बसलो. "बघूया" हा शब्द माझा नाहीये, माझं लक्षण वेगळं निघालं, मी खुर्चीत पुढे सरकून बसतो, पाठ टेकलेली नसते. हे पण बायकोनेच सांगितलं, दारातून बघून तिला म्हणे नेहमी कळायचं. तर काल विसाव्या मिनिटाला पॉकेट किंग्ज आले, ऑल-इन झालं, समोर एक्के. बोर्डवर काही नाही. बघतो तर पाठ सुटलेली होती. लगेच काही केलं नाही, पुढचा एक हात वाटला गेला तो फोल्ड केला, आणि मग दोन्ही टेबलं बंद. बाहेर आलो तर ती म्हणाली आज इतक्या लवकर? म्हटलं हो, राजे हरले.

वही घेतलीये. सकाळी तो हात लिहिला, शेवटी काय झालं ते न लिहिता. राणीताई, खरंच फार जड जातं हो ते.

किलवर_गुलाम

लिहिलं नाहीस वहीत, पण इथे सांगून मोकळा झालास की. असो, पहिला दिवस आहे, माफ.

सहा जणांच्या टेबलवर तुझ्याकडे राजे असताना बाकी पाचांपैकी कुणाकडे तरी एक्के असायची शक्यता साधारण ४१ त एक. १०० बिग ब्लाइंडमध्ये ते राजे सोडून देणारा मी तरी पाहिला नाही. उठलास किती वाजता?

अठ्ठी_नश्शी

नऊ पंचवीस.